रपट्यावरची बुढी

गाडीच्या बाबतीत मला शिकवील असा माणूस आमच्या माळीपुऱ्यात नव्हता. चांदूर बाजारात मोटारी होत्या, नाही असं नाही; पण माळीपुऱ्यात एकच होती आणि ती माझी होती. त्यामुळे माझं म्हणणं खोडायला कोणी पुढं येत नसे. गाडी घरघरली की मी सांगायचो, हे इंजिनाचं. कुरकुरली की सांगायचो, हे पाट्यांचं. लोक माना डोलवायचे. हळूहळू मलाही ते पटत गेलं होतं.

गाडी तशी वयस्क होती. लढाईत गोऱ्या पलटणीसोबत आलेली, मग लिलावात निघालेली, मग कुण्या ठेकेदाराकडं विटा आणि मुरूम वाहून कंबरेत वाकलेली, आणि सगळ्यांचं भागल्यावर माझ्याकडं आलेली. पुढं दोघांपुरती केबिन, मागं उघडा हौदा, हौद्यावर लोखंडी कमानी आणि कमानींवर ताडपत्री. तिच्यातून मी दर आठवड्याला चिखलदऱ्याला भाजी न्यायचो. वांगी, दोडकी, टमाटे, कांदे. वरच्या बंगल्यांचे खानसामे माझी अशी वाट पाहायचे की जणू मीच त्यांचा साहेब.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या श्रावणात माझ्या सासूबाई, पार्बताबाई, म्हणाल्या, "या खेपीले मी येते." त्यांची धाकटी लेक वच्छला चिखलदऱ्याला होती. तिचा नवरा मोतीराम जंगलखात्यात गार्ड. वच्छलाचे दिवस भरत आले होते, पहिलीच खेप, आणि घरात दुसरं बाईमाणूस नाही. सासूबाईंनी जन्मात मोटारीत पाय ठेवला नव्हता. बैलबंडी सोडून कशावर त्यांचा विश्वास नव्हता. पण लेकीसाठी त्या तयार झाल्या.

माझी बायको इंदू म्हणाली, "मायले घेऊन चालले, पन गाडी आदी कोनाले दाखवा. खालून ठोकून राहिली ते."

ठोकत होती हे खरं. गाडी उभी राहून पुन्हा निघाली की पायाखालून 'ठक्' असा आवाज यायचा. एकदाच. तळघरात कोणी कोंडलेलं असावं आणि त्यानं वर कोणी आहे का म्हणून एकदा विचारून पाहावं, तसा.

"जुनी गाडी बोलतेच," मी म्हणालो. "मले म्हाईत हाये काय हाये ते."

"काय हाये?"

"लोखंड हाये."

यावर तिनं माझ्याकडं जसं पाहिलं ते मी मनावर घेतलं नाही.

सासूबाई केबिनमध्ये बसायला तयार होईनात. पेट्रोलच्या वासानं त्यांना मळमळायचं. मग मागं हौद्यात, वांग्याच्या पोत्यांना पाठ टेकवून, तणसाच्या गादीवर त्यांची बैठक झाली. तोंड मागच्या बाजूला, गेलेल्या रस्त्याकडं. पावसाची हवा, म्हणून त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरी सोलापुरी चादर लपेटून घेतली. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा.

परतवाड्याला जानराव चढले. जानराव चिखलदऱ्याच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. सुट्टी संपवून परत चालले होते. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून त्यांनी देव, देवी, नवस, अंगारा, भूत सगळं एका झटक्यात सोडलं होतं, आणि जे सोडलं ते दुसऱ्यानंही सोडावं म्हणून ते झटत. माणूस मात्र लाख. रात्री-बेरात्री कोणाच्याही दारी औषध घेऊन जाणारा.

"जयभीम, उत्तमभौ," ते म्हणाले आणि माझ्या शेजारी बसले. गाडी निघाली. ठक्.

जानरावांनी पायाखाली पाहिलं. "हे कोन ठोकून राहिलं?"

"गाडी."

"गाडी सोताले ठोकते?"

मी समोरच्या रस्त्याकडं पाहिलं. ड्रायव्हरनं गाडी चालवताना फार बोलू नये.

अर्धा घाट चढलो आणि धुकं आलं. आलं म्हणजे काय, समोरून कोणी पडदा ओढत आणावा तसं दरीतून वर आलं आणि झाडं एकेक करून पुसत गेलं. दुपारची वेळ, पण उजेडाला रंग राहिला नाही. रस्ता गाडीच्या नाकापुढं दोन हात दिसायचा आणि मग नसायचा. ठोका आता वळणावळणाला यायला लागला. ठक्. ठक्. मधूनच त्याच्याखाली बारीक आवाज, चिर्र चिर्र, एखादं पाखरू चाकात सापडल्यासारखा.

घाट संपला की वर पठारावर रस्ता खाली-वर होत जातो. मोथा गावाच्या अलीकडं एक खोलगट जागा आहे. तिथं नाल्यावर दगडी रपटा, पावसाळ्यात त्याच्यावरून घोट्याएवढं पाणी वाहतं. रपटा ओलांडला की पुढं लांब, सरळ चढ. आम्ही रपटा ओलांडला. काठावर रस्तादुरुस्तीच्या गँगचं पत्र्याचं छप्पर होतं, घमेली पालथी पडलेली होती, पण माणूस दिसला नाही. चढाच्या मध्यावर पायाखालून असा दणका बसला की जानरावांची टोपी डोळ्यांवर आली. सगळी गाडी तापाच्या माणसासारखी थडथडायला लागली. मी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

इंजिन बंद झाल्यावर जी शांतता पसरली ती मला आवडली नाही. झाडांवरून पाणी ठिबकत होतं, तेही लांबून कुठून तरी.

मी खाली शिरून पाहिलं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब लोखंडी दांडा असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना मनगटासारखा फिरणारा सांधा असतो, तो जॉइंट. पुढचा जॉइंट, गिअरबॉक्सजवळचा, खिळखिळा झाला होता. त्याच्यातून कुंकवासारखा लाल गंज गळत होता. मी तो हलवून पाहिला तर त्यातली एक लोखंडी वाटी सरळ माझ्या हातात आली. ती मी खिशात टाकली. बाकीचं जागच्या जागी दिसत होतं.

"जॉइंट गेला," बाहेर येऊन मी सांगितलं. "पन भेवाचं काम नाई. तार गुंडाळून घट्ट बांधतो. हळूहळू चिखलदऱ्यापावतर जाते."

"तार हाये?"

तार नव्हती. पुढं थोड्या अंतरावर गवळ्यांची वस्ती होती, तिथं देवमन गवळ्याकडं मिळाली असती. मी हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला.

"चाकाखाली गोटा लावू का?" जानरावांनी विचारलं.

"मिलिट्रीचा ब्रेक हाये, जानराव. डोंगर हालन, पन हे गाडी नाई हालाची."

मी मागं जाऊन पाहिलं. सासूबाई चादरीत डोकं खुपसून गाढ झोपल्या होत्या. उठवलं असतं तर गाडी का थांबली ते सांगावं लागलं असतं. मी ताडपत्री नीट केली आणि जानरावांना म्हणालो, "तुमीबी चाला. तारेसंग दोरबी आनाचा हाये, एकट्याले झेपनार नाई." दोर एका माणसाला सहज झेपतो. मला त्या धुक्यात एकट्यानं जायचं नव्हतं, इतकंच.

रस्त्यानं जानराव बोलत होते. भूत ही माणसाच्या मनाची करणी कशी, पिशाच्च कोणी पाहिलेलं कसं नाही, अंधारात दोरी साप कशी होते. आवाज जरा चढाच होता. भूत नसतं हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मला वाटायला लागलं, ते दुसऱ्याच कोणाला तरी ऐकवतायत. मध्येच धुक्यातून घंटांचा आवाज आला आणि आमच्या दोन्ही बाजूंनी म्हशी निघाल्या. काळ्या, ओल्या, पायांचा आवाज नाही. त्या आमच्याकडं न पाहता गेल्या. जानराव त्या संपेपर्यंत गप्प होते.

देवमन गवळ्यानं तार दिली, दोर दिला, चहा दिला. "धुई उतरली का मी बैल घेऊन येतो," म्हणाला. "तोवर बसा."

पण गाडीत सासूबाई होत्या. आम्ही निघालो. परतताना बारीक झिमझिम सुरू झाली होती.

गाडी नव्हती.

आधी वाटलं, धुक्यात जागा चुकली. पण उजव्या हाताला तो वाकलेला साग होता, ज्याच्यापाशी मी थांबवली होती. आणि रस्त्यावर, सगळ्या भिजलेल्या मुरमात, गाडीएवढी एक जागा कोरडी होती. लांबट, चौकोनी, कडा सरळ. आमच्या डोळ्यांदेखत त्या कोरड्या जागेवर एकेक थेंब पडत होता आणि ती जागा बुजत चालली होती.

मी तिच्याकडं पाहत राहिलो. माझ्या हातातला दोर ओला झाला होता आणि जड लागत होता.

"कोनी चालू करून नेली असन," जानराव म्हणाले.

"जॉइंट तुटला, जानराव. चालू व्हते, पन जात नाई ते. आन इंजिनाचा आवाज आपल्याले आला असता."

"मंग?"

"मंग काय?"

जानराव खाली वाकले. कोरड्या जागेपासून मागं, रपट्याच्या दिशेनं, दोन चाकांचे माग गेले होते. बैलबंड्यांनी पाडलेल्या खोल चाकोरीतून अगदी सरळ. आणि दोन मागांच्या मधून तिसरी रेघ. नागमोडी. मध्ये मध्ये मुरूम खणल्यासारखा. जड साखळदंड ओढत कोणी गेलं असावं तशी.

"पायाचे ठसे नाईत," जानराव म्हणाले. त्यांचा आवाज आता चढा नव्हता.

आम्ही त्या रेघेच्या मागं उतरायला लागलो. दोन माणसांना चालायला रस्ता पुरेसा रुंद होता, पण आमचे खांदे एकमेकांना लागत होते. खालून, धुक्यातून, आवाज आला. ठण्. मग खर्रर्र. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, हळू, ठण्.

मी थांबलो. जानरावही थांबले. मला माझ्या बायकोचा चेहरा आठवला. का कुणास ठाऊक, ती काही बोलत नव्हती, नुसती पाहत होती.

तेवढ्यात खालून पावलं वाजली. पळत्या माणसांची. धुक्यातून एक फेटा आला, मग माणूस. गँगचा मुकादम नत्थुजी. मी त्याला येता-जाता वांगी देत असे. त्याच्यामागं त्याची दोन माणसं. नत्थुजीनं मला ओळखलं नाही. पकडलं मात्र, दोन्ही दंडांना.

"खाली जाऊ नोका," तो म्हणाला. "खाली बुढी आली."

"कोन बुढी?"

"मोटार आली. उलटी आली. तोंड तिकडं आन येऊन राहिली इकडं. धूर नाई, घरघर नाई. आमी जेवून हात धूत व्हतो. पाह्यलं तं चाकावर मानूस नाई. खाली साखया वाजून राहिल्या. आन मांगं बुढी बसेल. पांढरी धोप. तोंडच नाई तिले." त्याला धाप लागली होती. "मोटार रपट्यात उतरली. थांबली. मंग तिनं हात काढला आन म्हने, पानी दे रे बाबू."

"मंग?"

"मंग काय मंग. मी देव आठोला."

एवढं सांगून त्यानं माझे दंड सोडले आणि तो व त्याची माणसं आमच्या बाजूनं वर पळाली. त्यांची पावलं वाजायची बंद झाली, तेव्हा मी जानरावांना म्हणालो, "तुमी तर म्हनत व्हते, नसते."

जानराव माझ्याकडं पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटत होतं. "उत्तमभौ," ते म्हणाले, "ते बुढी तुमची सासू हाये."

भुताची भीती एका क्षणात गेली. तिच्या जागी जी आली तिच्यापुढं भूत बरं होतं.

त्याच क्षणी मला ब्रेकही कळला. या जुन्या मिलिट्री गाड्यांचा हँडब्रेक चाकांना नसतो, गिअरबॉक्सच्या मागं शाफ्टला असतो. तो शाफ्ट धरतो, शाफ्ट जॉइंटमधून चाकं धरतो. जॉइंट सुटला की तुम्ही ब्रेक छतापर्यंत ओढा, तो फक्त स्वतःला धरून बसतो. आणि जॉइंटची वाटी माझ्या खिशात होती. पुढचं टोक सुटून खाली पडलं होतं आणि तेच चाकांबरोबर फिरत, जमीन खणत, ठणठणत गेलं होतं. सगळं इतकं सरळ होतं. माळीपुऱ्यात मी ते कोणालाही समजावून सांगितलं असतं.

मी पळालो. चढावर पळणं अवघड, उतारावर त्याहून. डाव्या हाताला रस्ता संपत होता आणि दरी होती, ती दिसत नव्हती म्हणून जास्तच होती. चाकांचे माग चाकोरीत आहेत की नाहीत एवढंच मी पाहत होतो. आहेत. आहेत. अजून आहेत. मनात मी सासूबाईंना सांगत होतो, मामी, बसून राहा, हालू नोका. मी ही गाडी घेतली तेव्हा सगळा माळीपुरा हसला होता. वावर गहाण पडेल, बापाची अब्रू जाईल, असं घरचे म्हणत होते. पार्बताबाई तेवढ्या म्हणाल्या होत्या, घेऊ द्या, पोराचं मन हाये त्याच्यात. आणि ज्या दिवशी त्या पहिल्यांदा तिच्यात बसल्या त्या दिवशी मी त्यांना अशी सोडून चहा पीत बसलो होतो.

रपटा आला. गाडी होती. मधोमध, पाण्यात, तोंड आमच्याकडं करून उभी. मागचं चाक कडेच्या दगडाला टेकलं होतं. पाणी शाफ्टच्या पडलेल्या टोकाला ढकलत होतं आणि ते टोक मध्येच रपट्याच्या दगडावर आपटत होतं. ठण्.

"मामी," मी हाक मारली.

उत्तर नाही.

मी पाण्यातून मागं गेलो. हौद्यात वांग्याची पोती होती. तणसाची गादी होती, तिच्यात बसल्याचा खळगा होता. सासूबाई नव्हत्या. खाली, रपट्याच्या कडेला, दगडात अडकून पांढरी चादर पाण्यात हलत होती. आत जाऊन बाहेर येत होती, श्वास घेतल्यासारखी.

जानराव कडेपर्यंत गेले आणि खाली नाल्यात पाहायला लागले. धुक्यात दिसत काहीच नव्हतं. पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मी चादर उचलली. ती जड होती. मी ती पिळायला लागलो. का पिळत होतो सांगता येणार नाही, पण हातांना काहीतरी करायला हवं होतं.

आणि मग मला वाटलं, कोणीतरी आपल्याकडं पाहतंय.

मी मान वळवली. केबिनच्या काचा आतून वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर, आतून, एक हात आला. सुरकुतलेला, पाची बोटं पसरलेली. तो हात सावकाश गोल फिरला आणि काच पुसली गेली. पुसलेल्या गोलातून दोन डोळे माझ्याकडं पाहत होते.

मी पाण्यात बसलो. जानराव पुढं उभे होते. त्यांनी नंतर मला सांगितलं की ते त्या वेळी मनात विचार करत होते. मी पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते.

काच खाली गेली.

"कुठी गेलते जवाईबुवा?" सासूबाई म्हणाल्या. "अशी पान्यात गाडी उभी करून जाते का कोनी? वरून पानी, खालून पानी. माही चादर भिजली तं मी अथी येऊन बसली. आन तुमी काऊन पान्यात बसले?"

मी उठलो, दार उघडलं आणि त्यांचे पाय धरले. ओल्या कपड्यांनिशी. त्या गोंधळल्या, पण आशीर्वाद दिला. लाडवांचा डबा त्यांच्या मांडीवर तसाच होता.

"लागलं का कुठी, मामी?"

"काय लागाचं हाये? एक सांगते पन. चढवतानी तुमी माह्या हाडाचे खुळखुळे केले. उतरवतानी मात्र काय सुरेख आनली गाडी. धक्का नाई, हिसका नाई. खाली घुंगरं वाजून राहिले. पाळन्यात बसल्यावानी वाटलं मले. मी म्हनलं, आता कुठी जवाईबुवाचा हात बसला."

जानराव खोकले आणि नाल्याकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

"पन परत काऊन आनली? काई इसरलं व्हतं का?"

"तार," मी म्हणालो. "तार इसरलो व्हतो."

"आन अथचे मानसं लय वंगाय," सासूबाई म्हणाल्या. "मी पानी मांगतलं, तं घमेले टाकून पयाले. अशी कशी मानसं."

जानरावांनी त्यांना आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. त्या प्यायल्या. तो दिवसभरातला पहिला शहाणपणाचा प्रकार होता.

देवमन गवळी धुकं विरळ झाल्यावर बैल घेऊन आला. गाडी रपट्यातून ओढून कडेला लावली आणि या वेळी चारही चाकांखाली गोटे लावले. एवढे मोठे लावले की नंतर काढताना पहार लागली. सासूबाई, जानराव, लाडू आणि निवडक वांगी यांच्यासह मी देवमनच्या बंडीतून चिखलदऱ्याला पोचलो. वच्छलाला त्याच रात्री कळा सुरू झाल्या. पहाटे मुलगी झाली, आणि आडवी आली होती. सासूबाई आणि जानराव, दोघं खोलीत होते. सकाळी जानराव बाहेर आले, चुलीपाशी बसले आणि मला म्हणाले, "तुमची सासू नसती तं आज अवघड व्हतं." आदल्या दुपारी ती चाकोरी चार बोटं उथळ असती तर, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

जॉइंट चांदूरात मिळाला नाही, अमरावतीत मिळाला नाही. शेवटी अकोल्याला जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडं, भंगारवाल्यांच्या बोळात एका तसल्याच मेलेल्या गाडीचा काढून आणला. तो बसवला. गाडीचं ठोकणं थांबलं. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मला करमेना.

झाल्या प्रकाराबद्दल मी कोणाला काही सांगितलं नाही. जानरावांनीही नाही. मी त्यांना तसं विनवलं होतं. सासूबाईंना खरं कळलं तर त्या पुन्हा गाडीत बसणार नाहीत, आणि इंदूला कळलं तर मी पुन्हा गाडीत बसणार नाही.

बाळंतिणीचा सव्वा महिना झाला आणि मी सासूबाईंना आणायला गेलो. जानराव औषधांसाठी अमरावतीला निघाले होते, ते शेजारी बसले. आकाश स्वच्छ होतं. कडेला तेरडा फुलला होता. रपट्यापाशी येऊन पाहतो तर कडेच्या दगडाला, ज्याला माझं मागचं चाक टेकलं होतं, त्याच दगडाला, शेंदूर फासलेला. वर लाल झेंडी. पुढं पाण्यानं भरलेली घागर आणि लिंबं. नत्थुजी बाजूला बसून बिडी ओढत होता.

"थांबवा थांबवा," मागून सासूबाईंनी पत्रा वाजवला. "कोन्या देवीचं ठानं हाये हे?"

मी थांबवली. इलाज नव्हता. नत्थुजी हात जोडून उठला. चादर नव्हती, ऊन होतं, सासूबाईंचा चेहरा चांगला उघडा होता. त्यानं काही ओळखलं नाही.

"रपट्यावरची बुढी हाये, माय," तो म्हणाला. "लय जागृत. बिनमानसाच्या मोटारीत येते. पाय उलटे. मी सोता पाह्यली. पानी मांगते, म्हनून रोज घागर भरून ठेवतो."

"बाप्पा," सासूबाई म्हणाल्या आणि खाली उतरल्या. "कोन व्हती बिचारी?"

"कोनाची तरी सासू व्हती म्हंतेत. जवायानं घाटात सोडून देली आन सोता चहा प्याले गेला."

चहाचं कुठून आलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. देवमन गवळ्याला मी नंतर आडून विचारून पाहिलं, तो नुसता हसला. जानराव केबिनमध्ये एकदम खाली वाकून चपलेचा पट्टा पाहायला लागले.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आपल्या तांब्यातलं पाणी त्या घागरीत ओतलं, पदर डोक्यावर घेतला आणि दगडापुढं वाकल्या. "माय," त्या म्हणाल्या, "ज्या मेल्यानं तुले अशी टाकली, त्याच्या गाडीचं चाक कधी सरळ चालू नये. त्याच्या घरी त्याचं कोनी आयकू नये. त्याले जन्मभर मानसाइत मान वर करता येऊ नये."

मग त्या माझ्याकडं वळल्या. "जवाईबुवा, काय पाहून राहिले? तुमचा तं धंदा गाडीचा हाये. या, हात जोडा, आन तुमीबी म्हना."

मी उतरलो. चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणालो. शक्य तितकं पुटपुटत म्हणालो, पण त्या शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी मला शेवटचं वाक्य पुन्हा मोठ्यानं म्हणायला लावलं.